पंधरवड्याचा कायदा

मराठीत ‘माशाला’ आणि ‘माशीला’ या दोन शब्दांत फरक एका काना-वेलांटीचा. दक्षिण इंग्लंडातल्या हॅम्पशर परगण्यात टेस्ट आणि इचेन नावाच्या दोन छोट्या नद्या आहेत. त्यांच्या काठावर शंभराहून अधिक वर्षं भल्याभल्या माणसांनी जो वाद घातला, तोही साधारण एवढ्याच अंतराचा. ट्राउट नावाच्या माशाला पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी दाखवायची आणि गळाला लावायचं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. भांडण पुढे सुरू होतं : ती माशी पाण्यावर कोरडी तरंगलीच पाहिजे, की चार बोटं पाण्याखाली गेली तरी चालेल? बाहेरच्याला यात भांडण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. पण या चार बोटांपायी मासेमारीच्या क्लबांनी नियम केले, पुस्तकांवर पुस्तकं लिहिली गेली आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यावर रीतसर वादसभा भरली. कोरड्या माशीचा नियम हा निसर्गाच्या निरीक्षणातून निघालेला आहे, असं त्याचे कैवारी सांगत आले. वसंतात नदीतून किडे उठतात, ट्राउट ते पृष्ठभागावर टिपतो, तेव्हा त्याला पृष्ठभागावरच गाठणं हे न्यायाचं, असा त्यांचा युक्तिवाद. जुने दाखले नीट लावून पाहिले तर मात्र वेगळंच दिसतं. वर्षातल्या एका पंधरवड्यापुरती ही गोष्ट खरी होती. तिचा सबंध हंगामाचा कायदा झाला तो किड्यांनी केला नाही. काठावरच्या माणसांनी केला.

या नद्यांचा स्वभाव आधी कळला पाहिजे. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडलेला पाऊस दोन-चार तासांत ओढ्याला येतो, ओढा तांबडा होऊन नदीला मिळतो आणि चैत-वैशाखात तिथे नुसते गोटे उरतात. हॅम्पशरच्या टेकड्या खडूच्या, म्हणजे भुसभुशीत पांढऱ्या चुनखडकाच्या आहेत. हिवाळ्यातला पाऊस हा खडक पिऊन टाकतो आणि वर्षभर झऱ्यांवाटे थोडा थोडा सोडत राहतो. झऱ्याचं पाणी बारा महिने १० अंश सेल्सियसच्या आसपास. काचेसारखं नितळ, विरघळलेल्या चुन्याने सकस. असे ओढे आणि नद्या साऱ्या जगात दोनशेच्या घरात मोजल्या जातात आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडमध्ये आहेत. सकस पाण्यात पाणवनस्पती माजतात, त्यांच्यात किडे, गोगलगायी आणि बारीक झिंगे पोसतात, त्यांच्यावर ट्राउट पोसतो. म्हणजे मासा पोटभर जेवलेला, पाणी आरपार दिसणारं, आणि काठावर उभा असलेला माणूस माशाला साफ दिसतोय. मात्र या नद्यांना ‘निसर्गाची देणगी’ वगैरे म्हणायच्या आधी थोडं थांबावं. सतराव्या शतकापासून इथे काठची कुरणं पाटाच्या पाण्याने भिजवत आले. झऱ्याचं त्यातल्या त्यात ऊबदार पाणी गवतावरून पातळ फिरवलं की जमीन गोठत नाही, गवत लवकर वर येतं आणि ऐन टंचाईच्या दिवसांत मेंढ्यांना चारा मिळतो. हे दारं धरण्याचं काम करणारी वेगळी माणसं असत. त्यांचे पाट आणि दारं, पिठाच्या गिरण्यांचे बंधारे, पुढे नदीरक्षकांनी ठराविक तारखांना केलेली पाणगवताची कापणी, या सगळ्यातून आजची टेस्ट घडली आहे. तिच्या ज्या संथ, एकसारख्या, गुडघाभर धारेवर कोरडी माशी सुरेख तरंगते, ती धार या कष्टकऱ्यांच्या हातची आहे.

आता किडे. वसंताची सुरुवात इथे एप्रिलच्या मध्याला ग्रॅनम नावाच्या माशीने होते. हिची अळी पाण्यात स्वतःभोवती नळी विणून राहते. उबदार दुपारी हजारोंनी माश्या एकदम उठतात आणि थोड्याच दिवसांत सगळा खेळ आटोपतो. एप्रिल अखेरीला काळी, लांब पाय लोंबकळणारी हॉथॉर्न माशी येते. ती पाण्यातली नव्हे, जमिनीवरची, वाऱ्याने नदीत पडणारी. २५ एप्रिल हा संत मार्कचा दिवस, तिच्या शास्त्रीय नावातही त्या मार्कची खूण आहे. आपल्याकडे मृगाच्या किड्याला नक्षत्राचं नाव मिळालं, तशीच ही गोष्ट. आणि मग मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खरी मानकरी येते, ‘मे फ्लाय’. तिचं पिल्लू, ज्याला कीटकशास्त्रात निम्फ म्हणतात, नदीच्या तळच्या गाळात बीळ करून साधारण दोन वर्षं काढतं. एके दिवशी ते वर येतं, पृष्ठभागाला टेकताच पाठीवरची कात उकलते आणि आतून मळकट पिवळसर पंखांची माशी बाहेर येऊन क्षणभर पाण्यावरच बसते, शिडाची होडी असावी तशी. ती झाडावर जाते, दिवस-दोन दिवसांत पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावरही कात टाकणारा हा एकच कीटकगट. आता पंख काचेसारखे. नर संध्याकाळी झुंडीने हवेत वरखाली नाचतात, मादी पाण्यावर अंडी सोडते आणि तिथेच पंख पसरून मरते. या माशीला कामाचं तोंडच नसतं. पंख फुटल्यापासून मरेपर्यंत तिचा कडकडीत उपास. मासा मात्र या दिवसांत ताळतंत्र सोडून खातो. एरवी तळाशी दबून राहणारे, वजनदार, शहाणे मासेही वर येतात आणि नवख्या माणसाच्या गळाला लागतात. म्हणून इंग्रज मासेमार या दिवसांना ‘ढ मंडळींचा पंधरवडा’ म्हणतात. आपल्या पंचांगात पितृपंधरवडा आहे, त्यांच्यात हा. कोरड्या माशीचं तत्त्वज्ञान सर्वांत बिनतोड वाटतं ते याच दिवसांत, कारण मोठा किडा आणि मोठा मासा दोघेही तेव्हा पृष्ठभागावर असतात.

हे तत्त्वज्ञान परंपरेतून आलं असेल का, हे तपासायला मागे जावं लागतं, आणि परंपरा बरीच लांब आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या बेरिया आणि थेस्सलोनिका यांच्या मधून वाहणाऱ्या अ‍ॅस्ट्रियस नदीवरची रीत नोंदवली. तिथली माणसं गळाला तांबडी लोकर गुंडाळत, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बसवत. काठी सहा फूट, दोरीही तेवढीच. खरी माशीच गळाला का लावत नाहीत, याचं कारणही त्याने दिलं आहे : माणसाचा हात लागला की तिचा रंग उतरतो, पंख चुरगळतात आणि मासा तिला तोंड लावत नाही. म्हणजे बनावट माशी ही मुळात गरजेतून आलेली युक्ती होती, न्यायअन्यायाचा प्रश्नच नव्हता. १४९६ साली वेस्टमिन्स्टरमध्ये विंकिन द वर्ड याने छापलेल्या गळमासेमारीवरच्या पुस्तिकेत बारा माश्यांची यादी आहे, मार्चपासून ऑगस्टपर्यंत महिनावार लावलेली. लेखिका म्हणून एका जोगिणीचं नाव परंपरेने सांगितलं जातं. त्याला आधार कच्चा आहे. पण यादी पाहिली की कळतं, कुणीतरी वर्षानुवर्षं नदीकाठी बसून पंचांग मांडलं होतं. १६७६ मध्ये चार्ल्स कॉटनने डर्बीशरच्या डव्ह नदीसाठी असंच, पण कितीतरी मोठं पंचांग लिहिलं आणि ते आयझॅक वॉल्टनच्या गाजलेल्या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीला जोडलं गेलं. या सगळ्या काळात महत्त्व होतं ते कोणत्या महिन्यात कोणता किडा याला. माशी तरंगते की बुडते, याची कुणी फारशी पर्वा केलेली दिसत नाही. घोड्याच्या केसांची दोरी, पाणी प्यायलेली पिसं, वाहती धार : माशी थोडा वेळ वर राहायची आणि मग खाली जायची, मासा जिथे घेईल तिथे घ्यायचा.

परंपरेचा दावा करणाऱ्यांना सर्वांत अडचणीचा पुरावा त्यांच्याच घरातून येतो. टेस्ट नदीवर स्टॉकब्रिज गावी १८२२ साली हाउटन क्लब स्थापन झाला. इंग्लंडातल्या मासेमारी क्लबांत याचा मान मोठा. त्याची रोजनिशी पुढे १९०८ मध्ये सर हर्बर्ट मॅक्सवेल यांनी संपादित करून छापली. त्यातली सुरुवातीच्या दशकांतली मंडळी वसंतातच नदीवर जमत, ग्रॅनमच्या दिवसांत आणि मे फ्लायच्या दिवसांत. पण ती मासे धरत कशी? लांब काठी, तिला मऊ, हलक्या रेशमाची दोरी, टोकाला गळ आणि गळाला चक्क जिवंत माशी. वारा पाठीमागून घ्यायचा, रेशमी दोरी पतंगाच्या दोरीसारखी हवेत फुगू द्यायची आणि माशी पाण्यावर अलगद टेकवायची. वारा पडला की दिवस फुकट. म्हणजे ज्या नदीवर पुढे कोरडी बनावट माशी हाच धर्म ठरला, त्याच नदीवर, त्यातल्या सर्वांत प्रतिष्ठित मंडळींच्या आधीच्या दोन पिढ्यांना ना बनावट माशीची सक्ती होती, ना तिचं अगत्य. नियमाला ‘पूर्वापार’ म्हणावं तर त्याचं वय विक्टोरिया राणीच्या उतारवयाएवढंच भरतं. जे. डब्ल्यू. हिल्स हे पार्लमेंटचे सभासद आणि या कलेचे पहिले चांगले इतिहासकार. त्यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात ही सगळी वाट काळजीपूर्वक आखली आहे, आणि ते स्वतः कोरड्या माशीचे प्रेमी असूनही तिला प्राचीन ठरवायच्या फंदात पडलेले नाहीत.

मग हा नियम आला कुठून? पहिलं उत्तर अगदी गद्य आहे : सामान बदललं. जॉर्ज पुलमन याने १८५१ मध्ये भिजलेली माशी काढून सुकी लावायचं वर्णन केलं तेव्हा ते कटकटीचं काम होतं, कारण तोवर प्रत्येक माशी तातीच्या तुकड्याला कायमची बांधलेली असे. ही तात म्हणजे रेशमाच्या किड्याच्या पोटातली ग्रंथी ताणून काढलेला धागा. खोट्या किड्याने मासा धरायला खऱ्या किड्याची ग्रंथी लागत होती. १८७९ मध्ये हेन्री सिंक्लेअर हॉल या गृहस्थाने जॉर्ज बँकार्ट याच्या मदतीने बारीक, पण मजबूत, नेढ्याचा गळ सिद्ध केला. सुईसारखं नेढं असल्यामुळे माशी सोडणं-बांधणं क्षणाचं काम झालं. हा हॉल म्हणजे ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजातला गणिताचा शिक्षक, ‘हॉल अँड नाइट’मधला हॉल. त्याच्या बीजगणितावर महाराष्ट्रातल्याही कित्येक पिढ्यांनी डोकं फोडलं, पण त्यातली समीकरणं सोडवताना हा मनुष्य फावल्या वेळात माशांचे गळ सुधारत होता हे कुणाच्या गावी नव्हतं. नेढ्याच्या गळाबरोबर बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेल्या ताठ काठ्या आल्या, तेल मुरवलेल्या विणीव रेशमाची जड दोरी आली. आता वाऱ्याच्या तोंडावरही माशी फेकता येऊ लागली आणि हवेत दोन-चार झटके देऊन ती सुकवताही येऊ लागली. कोरडी माशी ‘न्याय्य’ ठरण्याआधी ती शक्य व्हावी लागली, आणि ती शक्य झाली १८८० च्या सुमाराला.

फ्रेडरिक हॅलफोर्ड याच मुहूर्तावर उभा राहिला. कापडधंद्यातल्या श्रीमंत घरातला हा माणूस १८७९ मध्ये विंचेस्टरच्या एका दुकानात जॉर्ज मॅरियट या जाणकाराला भेटला आणि दोघांनी मिळून टेस्टवरच्या किड्यांची पद्धतशीर पाहणी सुरू केली. १८८६ मध्ये तरंगत्या माश्या कशा बांधाव्यात यावरचं पुस्तक आलं, १८८९ मध्ये तंत्र आणि सिद्धान्त सांगणारं दुसरं. खऱ्या माशीचे रंग निरखून पिसांना रंग द्यायचे, आकार मापून घ्यायचा, नर-मादी वेगळी बांधायची. शेवटी १९१० पर्यंत त्याने हा सगळा पसारा ३३ नमुन्यांवर आणला. त्याच्या पाहणीत खोट काढायला जागा फारशी नाही. मात्र पुस्तकागणिक त्याचा सूर करडा होत गेला, आणि अनुयायी तर नेत्यापेक्षा नेहमीच कडवे असतात. वर आलेला मासा आधी डोळ्यांनी हेरायचा, त्याच्या खालच्या अंगाला उभं राहून धारेच्या वरच्या दिशेने माशी टाकायची, ती कोरडी तरंगत त्याच्या तोंडावरून गेली पाहिजे, आणि मासा वर येत नसेल तर काठी खाली ठेवून वाट पाहायची, हे या पाण्यांवरचं धर्मशास्त्र होऊन बसलं.

इथे एक सोपं स्पष्टीकरण हाताशी असतं आणि ते मोहात पाडतं. हा सारा बड्या लोकांचा सोवळेपणा, गरिबांना नदीबाहेर ठेवण्यासाठी काढलेली युक्ती, असं म्हणून मोकळं व्हावं. पण ते पुराव्याला धरून नाही. गरीब केव्हाच बाहेर होता. इंग्लंडात अशा नद्यांवर मासे धरण्याचा हक्क काठच्या जमिनीबरोबर जातो. कुंपण, भाडं आणि नदीरक्षक एवढे पहारेकरी असताना माशीच्या कोरडेपणाचा पहारा बसवायची गरजच नव्हती. नियम होता तो आतल्यांना लावलेला. १८६५ मध्ये अँडोव्हरहून रेडब्रिजकडे जाणारी रेल्वे स्टॉकब्रिजवरून, टेस्टच्या काठाकाठाने सुरू झाली. विंचेस्टर तर १८४० पासूनच लंडनशी जोडलेलं होतं. वकील, व्यापारी, डॉक्टर सकाळच्या गाडीने येऊन दिवसभर मासे धरू लागले, पाच-दहा जण मिळून पाण्याचा पट्टा भाड्याने घेऊ लागले. नदी तेवढीच, पाणी आरपार, मासे सावध, आणि काठ्या वाढलेल्या. ओली माशी आडवी फेकून धारेबरोबर खाली वाहू देणारा माणूस एका फेकीत दहा-वीस यार्डांतलं पाणी झाडून काढतो. खालच्या माणसासाठी ठेवलेले मासेही बिचकवतो. कोरडी माशी वरच्या अंगाला टाकणारा एकाच हेरलेल्या माशात गुंततो, त्याला हात-दोन हात पाणी पुरतं. गर्दीतला हा शिष्टाचार होता. चाळीतल्या सामाईक नळावर ज्याने त्याने आपापल्या वेळेला हंडा लावावा, तसा. समजूतदार होता आणि उपयोगीही होता. पण ‘आपण बरेच जण झालो आहोत’ असं कारण लेखी देणं कुणाला शोभत नाही, आणि मग निसर्गाचा दाखला काढला जातो.

यावर गंभीर आक्षेप असा की हॅलफोर्डचं शास्त्र खरं होतं, आणि शास्त्र खरं असेल तर त्याचा नियम कुठून का येईना. या आक्षेपाला खुद्द हॅलफोर्डनेच उत्तर देऊन ठेवलं आहे. १८८९ च्या पुस्तकात ट्राउटची पोटं फाडून आत काय सापडलं त्याचं प्रकरण आहे, आणि तिथे तरंगत्या माश्यांपेक्षा पाण्याखालचे निम्फ, अळ्या, झिंगे, गोगलगायी यांचीच गर्दी आहे. पुरावा लिहून ठेवण्याइतका तो प्रामाणिक होता. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र त्याने पुढे नेला नाही. ते काम जॉर्ज स्क्यूज नावाच्या लंडनच्या वकिलाने केलं. हा इचेनवर विंचेस्टरच्या जवळच्या अ‍ॅबट्स बार्टनच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं मासे धरत होता. नळीतली मज्जा काढायला इंग्रज घरात एक लांब, अरुंद चमचा असे. स्क्यूज तो मेलेल्या माशाच्या घशातून आत सरकवी, सापडेल ते लहान मुलाच्या पांढऱ्या बशीत पाण्यात सोडी आणि ढवळून पाही. बशीच्या पांढऱ्यावर काडीएवढे ऑलिव्ह रंगाचे निम्फ एकेक वेगळे होत, पाय पसरत, कधी एखादा अजून वळवळत असे. मासा पृष्ठभागाला ‘उठला’ असं काठावरून जे दिसतं, त्यात कितीतरी वेळा तो पृष्ठभागाच्या बोटभर खालचा, अजून माशी न झालेला निम्फ टिपत असतो, हे त्या बशीने दाखवलं. १९१० मध्ये त्याने खडूच्या नद्यांवरच्या ‘किरकोळ डावपेचां’चं पुस्तक काढलं तेव्हा नावातच वकिली नम्रता होती. पण दावा किरकोळ नव्हता. मे फ्लायच्या पंधरवड्यात जे दिसतं त्यावरून सबंध हंगामाचा हिशेब मांडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो हॅलफोर्डच्या मुळावर येत होता.

दुसरा आक्षेप अधिक सहानुभूतीने ऐकण्यासारखा आहे. निम्फने मासे धरणं इतकं सोपं होईल की नदी रिकामी होईल; कोरड्या माशीचा नियम म्हणजे माशांचं संरक्षण. हेतू चांगला आहे, पण हिशेब जुळत नाही. मासे वाचवायचे तर किती धरायचे आणि केवढे धरायचे यावर मर्यादा घालतात. तशा मर्यादा या पाण्यांवर वेगळ्या होत्याच, शिवाय तळ्यांत वाढवलेले ट्राउट नदीत सोडण्याची चाल होती. नदी खरोखर राखली ती दुसऱ्याच माणसांनी, आणि त्यासाठी त्यांनी केलं ते काम कोणत्याही नियमावलीत बसणारं नव्हतं. हाउटन क्लबचा नदीरक्षक विल्यम लन १८८७ पासून सुमारे ४५ वर्षं टेस्टवर राबला. ऑलिव्ह जातीच्या माश्यांच्या माद्या पाण्यात रोवलेल्या खुंटावरून किंवा पुलाच्या लाकडावरून खाली उतरतात आणि पाण्याखालच्या बाजूला अंड्यांचा पातळ थर चिकटवतात, हे त्याने हेरलं. त्या अंड्यांवर तळच्या नळीवाल्या अळ्या चढून ताव मारतात, हेही हेरलं. मग त्याने फळ्या तारेने बांधून धारेत तरंगत्या सोडल्या : मादीला खालच्या बाजूला जाऊन अंडी घालता यावीत, पण तळाशी फळीचा कुठेच स्पर्श नाही, त्यामुळे अळीला चढायला वाट नाही. अंड्यांनी भरलेल्या फळ्या जिथे माशी कमी झाली असेल तिथे नेऊन ठेवायच्या. म्हणजे क्लबातले सभ्य गृहस्थ वसंतात ज्या ‘निसर्गाची’ हुबेहूब नक्कल पिसांनी करत होते, त्यातला काही भाग पगारी माणसाने सुताराच्या फळीवर वाढवलेला होता. हिल्स यांनी पुढे, १९३४ मध्ये, या लनचं चरित्र लिहिलं ही त्यांच्या जातिवंत रसिकतेची खूण. मासेमारांची चरित्रं उदंड झाली, नदीरक्षकाचं हे विरळाच.

तत्त्व सार्वत्रिक आहे की नाही याची खरी परीक्षा ते घरापासून दूर नेल्यावर होते, आणि ट्राउट तर साम्राज्याबरोबर फार दूर गेला. १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ जहाजातून शेवाळ आणि बर्फ यांत गुंडाळून सामनची लाखभर आणि ट्राउटची सुमारे ३,००० अंडी टास्मानियाला रवाना झाली. ट्राउटच्या अंड्यांत इचेनवरचीही होती. सामन टिकला नाही, मागून भर म्हणून टाकलेला ट्राउट टिकला आणि तिथून न्यूझीलंडला गेला. काश्मीरसाठी पाठवलेली पहिली खेप १८९९ मध्ये वाटेत मेली, दुसरी १९०० मध्ये जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी ती वाढवली. पहलगामला लिद्दरच्या काठी फोटो काढणाऱ्या मराठी पर्यटकाला अस्सल काश्मिरी वाटणारा तपकिरी, ठिपक्यांचा मासा हा असा बोटीने आलेला पाहुणा आहे. पण बर्फाच्या पेटीतून मासा नेता आला, मे फ्लाय आणि खडूचा डोंगर नेता आला नाही. मे-जूनमध्ये, नेमक्या त्या इंग्लिश पंधरवड्यात, बर्फ वितळून लिद्दर फोफावलेली असते. नितळ पाण्यावर डोलणाऱ्या माशीचं शास्त्र तिथे घेऊन जाणाऱ्याने काय करावं? अमेरिकेत कॅट्सकिलच्या डोंगरात थिओडोर गॉर्डन या आजारी, एकट्या माणसाने १८९० मध्ये हॅलफोर्डला पत्र लिहून माश्या मागवल्या. हॅलफोर्डने उदार मनाने संचच पाठवला. त्या माश्या टेस्टच्या संथ पाण्यासाठी बांधलेल्या. कॅट्सकिलच्या उसळत्या ओढ्यात बुडायच्या, आणि तिथले किडेही निराळे. गॉर्डनने मूळ कल्पना ठेवली आणि बाकीचं बदललं. ताठ पिसं घेतली, आणि एप्रिलच्या थंड दुपारी तिथे सर्वांआधी उठणाऱ्या करड्या माशीवर नजर ठेवून ‘क्विल गॉर्डन’ बांधली. हॅलफोर्डची पद्धत त्याने सोडली नाही, उलट ती नीट पाळली, आणि म्हणूनच हॅलफोर्डचे निष्कर्ष त्याला टाकावे लागले.

१९३८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात खडूच्या नद्यांवर निम्फ चालावा की नाही यावर जी वादसभा झाली, तिच्यात स्क्यूज ऐंशीला टेकलेला होता. हॅलफोर्ड जाऊन २४ वर्षं झाली होती. या सभेतली विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. स्क्यूजची रीत पाहा : आधी मासा हेरायचा, खालच्या अंगाने जायचं, वरच्या दिशेला एकच माशी टाकायची, दुसऱ्याचं पाणी खराब करायचं नाही. गर्दीतल्या शिष्टाचाराची प्रत्येक अट तो पाळत होता. नियमाचं मूळ कारण तेच असतं, तर त्याच्यावर आक्षेप घ्यायला जागाच उरत नव्हती. तरी आक्षेप घेतला गेला आणि त्या सभेत त्याला अनुकूल वारा नव्हता. कारण विसरलं गेलं होतं, आचार शिल्लक होता. मात्र नदीवर काम करणाऱ्यांना या सभांशी देणंघेणं नव्हतं. विल्टशरमधल्या एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचा नदीरक्षक निम्फ पोहताना पाय अंगाला चिकटवून घेतो हे पाहून पाय नसलेली माशी बांधत होता : फेझंट पक्ष्याच्या शेपटीची तांबूस पिसं, आणि धाग्याऐवजी केसाएवढी बारीक तांब्याची तार, म्हणजे वजनही तिनेच मिळतं आणि चमकही. त्याचं निम्फवरचं पुस्तक १९५८ मध्ये आलं. ती माशी आज जगातल्या जवळपास प्रत्येक ट्राउटच्या नदीवर चालते.

टेस्ट आणि इचेनवरच्या अनेक भाड्याच्या पट्ट्यांवर आता तडजोडीचा नियम आहे. हंगाम उघडल्यापासून जूनअखेरपर्यंत, म्हणजे ग्रॅनम, हॉथॉर्न, मे फ्लाय आणि त्यांच्यामागचे थोडे दिवस, फक्त कोरडी माशी. १ जुलैपासून वरच्या दिशेने टाकलेला निम्फ चालतो. त्या सकाळी नदी तीच असते, मासे तेच, बहुतेक वेळा काठावरची माणसंही तीच. फक्त तोवर खिशातल्या डबीत राहिलेली तांब्याच्या तारेची माशी बाहेर येते, आणि नदीरक्षक पुलावरून पाहत असला तरी काही बोलत नाही.